उसने फासे, उसना देश

परवां मुरुडास एका स्नेह्यांच्या माडीवर चार कॉलेजकुमार साहसकथेचा खेळ खेळत बसलेले आम्हीं पाहिले. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णीत होता. बाकीचे तिघे आपआपल्या पात्राच्या तोंडून बोलत होते. आणि घेतलेली उडी साधली कीं फसली, याचा निकाल फासे देत होते. खेळ रंगला होता यांत शंका नाहीं. परंतु पात्रें कोण? एक अमेरिकन प्राध्यापक, एक अमेरिकन वैमानिक आणि त्यांचा एक गोरा सोबती! कथानक काय? तर पूर्वेकडील कोणा 'रानटी' मुलखांतील देवळांतून रत्नजडित मूर्ति पळवावयाची. ती राखणारा पुजारी अर्थातच खलपुरुष. मुरुडच्या मुलांनीं मुरुडसारख्याच एखाद्या गांवचें देऊळ लुटावें व त्यास पराक्रम म्हणावें, हें पाहून आम्हांस हंसावें कीं रडावें तें कळेना.

फासे दिसतांच ज्यांना द्यूतपर्व आठवतें, त्यांच्या पंगतीस आम्ही बसत नाहीं. येथें पैसा लावावयाचा नसतो. सारे मिळून एक गोष्ट रचतात. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढून या खेळाचा पाया घातला. २००३ मध्यें आलेल्या 'सॅव्हेज वर्ल्ड्स'चे नियम तर स्वस्त कागदावरील धांवत्या साहसकथेसाठींच बेतल्यासारखे आहेत. किरकोळ शत्रु एका घावांत आडवा होतो. आणि प्रत्येक खेळाडूच्या हातीं दैवाच्या तीन सोंगट्या असतात, त्यांतील एक खर्चून फसलेला फासा पुन्हां टाकतां येतो. कड्यावरून कोसळलेला नायक पुढच्या प्रकरणांत वेलीला लोंबकळतांना सांपडावा, ही अशा कथांची जुनी रीत येथें नियमांतच बसविली आहे. असे नियम खुशाल उसने घ्यावे. पण त्यांच्याबरोबर देशहि उसना कां घ्यावा?

"आमच्याकडे साहसास जागा कोठें?" असें हे तरुण विचारतात. त्यांच्या अज्ञानाचा दोष आम्हां शिष्टांकडेहि येतो. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार व काळा पहाड घरोघर नेले. आम्हीं मात्र तीं पुस्तकें मुलांच्या हातून हिसकावून घेतलीं. मग मुलांनीं नायक परदेशांतून आणले तर रागवावें कोणावर?

जागेचें म्हणाल, तर मुरुडाच्या आसपासच पाहा. येथून फार दूर नसलेलें तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णनांत तेथील कापड गाड्यांनीं भडोचेस जात असल्याचा उल्लेख आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जणू बहीणच १९३८ सालीं इटलींत पाँपेईच्या राखेखालीं सांपडली! १९११ मध्यें मुरुडावरून लातुरास पोहोंचलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे ज्या एव्हरर्ड कॅलथ्रॉपनें उभारली, त्यानेंच पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत हवाई छत्री तयार केली. बार्शी इंग्रजी अमलांत, मुरुड निजामाच्या. मध्यें करोडगिरीचें नाकें. आगगाडी, सरहद्द, पुराणवस्तूंचे चोर: सूत्रधारास आणखी काय हवें?

परदेशीं जाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तेरची मूर्ति चोरणाऱ्याचा माग काढीत नेपल्सपर्यंत जरूर जावें; पण जाणारी मुरुडची शिक्षिका असावी, बार्शीचा गार्ड असावा. पळविणाऱ्याच्या जागीं राखणारा नायक झाला कीं तेच फासे निराळी गोष्ट सांगूं लागतात. एक पथ्य मात्र पाळावें. १९४७-४८ च्या रझाकारी दिवसांत ज्या घरांनीं माणसें गमावलीं, तीं घरें अद्याप येथेंच आहेत. त्यांच्या दुःखावर सोंगट्या उधळूं नयेत.

बारा-पंधरा वर्षांचा मुलगा खेळांत जो होतो, तोच कांहीं अंशीं मनांत घर करून राहतो. तो स्वतःच्या गांवास परक्याच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकला, तर तो दोष फाशांचा नव्हे. त्याच्या हातीं दुसरी गोष्ट न देणाऱ्या आपणां वडीलधाऱ्यांचा होय.