जंगलातली जीवदया



दिवाळीनंतर आम्ही शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोणारला. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर जंगलातून चालायला ही जागा फार चांगली. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात पडलेला हा खळगा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, तळाशी खारं सरोवर आणि उतारावर दाट झाडी. धारेच्या गोमुखाजवळून पायऱ्यांनी खाली उतरायचं, पुढे पायवाट. चढताना धाप लागते, पण थांबत थांबत सासूबाईसुद्धा चढून आल्या.

उतरताना काळतोंडी वानरं दिसली. सासूबाईंनी पिशवीतली दशमी काढून धाकटीच्या हातात दिली, "घाल गं त्याला, पुण्य लागेल." तिनं घातली. दुसऱ्याच क्षणी दोन वानरं पिशवीवर आली. ओढाओढीत पोर पायरीवर पडली, गुडघा फुटला. कुणीतरी काठी उगारली, एक वानर किंचाळत पळालं.

मी बोलले, तर सासूबाई दुखावल्या. "अगं, आपण पांजरपोळात चारा देतो. मग या मुक्या जीवाला घातलं तर पाप कसं?"

प्रश्न खरा आहे, आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनातला आहे. माझं मत असं : पांजरपोळातली गाय माणसाच्या आधारावर जगते, तिला घालणं आपलं कर्तव्यच. रानातल्या वानराचं ताट झाडावर वाढलेलं असतं, पानं, फळं, शेंगा. आपण दशमी दिली की ते झाड सोडून माणसाच्या वाटेवर येऊन बसतं. मग हिसकावतं, गाडीखाली येतं, काठी खातं. त्या काठीची सुरुवात आपल्या दशमीपासून झालेली असते. म्हणून जंगलातली जीवदया म्हणजे हात आवरणं.

हे आपल्याला नवीन नाही. आपले मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, पावसाळ्यात जीव फार म्हणून चातुर्मासात एका जागी राहतात. तेही आवरणंच आहे. म्हणून मी तर म्हणेन, मुलांना अशा ठिकाणी पावसाळ्यात नेऊ नका, थंडीत न्या. ईर्यासमिती हा शब्द पाठशाळेत पाठ होतो, पण मुंग्यांची रांग ओलांडताना तो पायाला कळतो.

पाण्याचंही तसंच. सरोवराचं पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त की पूर्वी त्यात मासे नसत. पण 2020 साली ते गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपण घरी पाणी गाळतो ते न दिसणाऱ्या जीवांसाठीच ना? मग तिथे निर्माल्य टाकणं किंवा साबणानं हात धुणं आपल्याला शोभत नाही. लोणार 2000 सालापासून अभयारण्य आहे. तिथले नियम वनखात्याचे खरे, पण ते आपल्या धर्माच्या बाहेरचे नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, जरूर जा. सकाळी लवकर निघा, गाळलेलं पाणी बरोबर घ्या, डबा गाडीत ठेवा आणि वर आल्यावरच उघडा. कागदाचा कपटाही मागे राहू देऊ नका. सूर्यास्ताआधी जेवण सहज होतं.

सासूबाईंना माझं सगळं पटलं असं नाही. पण परतीच्या वाटेवर पुन्हा वानरं दिसली, तेव्हा त्यांनी पिशवी पदराखाली घेतली, धाकटीचा हात धरला आणि दोघी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. एक पिल्लू आईच्या पोटाला बिलगून कोवळी पानं खात होतं.