अनवट सोनाटांची सुनावणी

१९३७ या एकाच वर्षात संगीतातली दोन माणसं गेली. मार्चमध्ये पॅरिसजवळच्या सार्सेल गावी मेल बोनिस या फ्रेंच संगीतकार बाई वारल्या आणि ऑक्टोबरमध्ये, मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले अब्दुल करीम खाँ वाटेतच गेले. खाँसाहेबांची ठुमरी आपल्याकडे आजही लागते, कारण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या मागे राहिल्या. बोनिसबाईंचं उलटं झालं. त्यांनी तीनशेच्या आसपास रचना लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या हयातीत छापून निघाल्या. कुठला स्वर, किती लांब, कुठे हळू, कुठे जोरात, हे सगळं कागदावर नोंदलेलं होतं. आणि तरीही त्यांच्या मागे काही दशकं ते संगीत जवळजवळ मुकं राहिलं. ज्याची काहीच लिखित नोंद नव्हती ते गाणं जगलं आणि ज्याची पैन् पै नोंद होती ते कपाटात पडून राहिलं. लिहिलेलं टिकतं, ही आपली समजूत संगीताच्या बाबतीत पुन्हा तपासून घ्यावी लागते ती इथे.

म्हणूनच फारशा न वाजणाऱ्या एखाद्या जुन्या रचनेचं ध्वनिमुद्रण निघतं, तेव्हा ती चार हौशी संग्राहकांची चैन आहे असं समजून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. कित्येकदा ते ध्वनिमुद्रण म्हणजे त्या रचनेची पहिली खरी सुनावणी असते. निकाल मात्र आपण त्याआधीच देऊन बसलेलो असतो: ‘चांगलं असतं तर आत्तापर्यंत कानावर आलं नसतं का?’ हा निकाल किती कच्चा आहे हे पाहायचं असेल, तर फ्लूट आणि पियानो या जोडीसाठी लिहिलेल्या संगीतासारखं उदाहरण शोधून सापडणार नाही.

या जोडीची पंचाईत अशी, की ज्या नावांवर पाश्चात्त्य अभिजात संगीताचा डोलारा उभा आहे, त्यातल्या बहुतेकांनी तिच्यासाठी लिहिलेलंच नाही. बीथोवननं लिहिलं ते किरकोळ. शूबर्टनं १८२४ मध्ये आपल्याच एका गाण्यावर एक मोठी विस्तारमालिका रचली, पण ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १८५० मध्ये. शूमान, ब्राम्स यांच्याकडे तर या जोडीसाठी एकही सोनाटा नाही. त्यांना फ्लूट कळत नव्हती असं मुळीच नाही. ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीच्या अखेरच्या भागात फ्लूट एकटी बोलायला लागते, तेव्हा सगळा वाद्यवृंद मागे सरून तिला वाट देतो. ज्याला हे सुचलं त्याला सोनाटा सुचली नसती असं कोण म्हणेल? अडचण वाद्याची होती. तेव्हाची लाकडी, निमुळत्या नळीची फ्लूट सगळ्या स्वरांना सारखा न्याय देणारी नव्हती. काही स्वर खणखणीत, काही घुसमटलेले. थेओबाल्ड बोम हा म्युनिकचा वादक, मुळात सोनारकाम शिकलेला. त्यानं १८३२ मध्ये कळांची नवी रचना केली आणि १८४७ मध्ये सरळ नळीची, मोठ्या भोकांची धातूची फ्लूट बनवली. आजची फ्लूट ती हीच. पण जर्मनीत तिचं स्वागत फार थंड झालं, पुढची काही दशकं तिथे जुनीच फ्लूट वाजत राहिली. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये मात्र लुई दोरूस १८६० मध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांनी नवं वाद्य वर्गात आणलं. त्यांचे शिष्य पॉल ताफानेल पुढे १८९३ मध्ये त्याच जागेवर आले आणि तिथून वादकांची एक सबंध पिढी घडली. त्या वादकांना वाजवायला काहीतरी हवं होतं, म्हणून पॅरिसमध्ये फ्लूटसाठी लिहिलं जाऊ लागलं. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी घडवून तिला मंद्रातलं गांभीर्य दिल्यावर आपल्याकडे काय घडलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

तेव्हा ‘मोठी नावं तेवढी ऐकू’ असं ठरवलं, तर या जोडीच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रचना उरतात. बाकीचं सगळं ज्यांनी लिहिलं ती नावं आपल्या कानांवरून गेलेली नसतात: कार्ल राइनेके, शार्ल-मारी विदोर, फिलिप गोबेर, सेसिल शामिनाद, झिगफ्रीड कार्ग-एलर्ट. राइनेकेची १८८२ ची ‘उंदिने’ सोनाटा जगभरच्या फ्लूटवादकांना पाठ असते आणि वर्तुळाबाहेरच्या श्रोत्याला तिचं नावही माहीत नसतं. लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची धुरा १८६० पासून पस्तीस वर्षं वाहिलेल्या माणसाची ही कथा. काळाची चाळणी बरोबर निवड करते, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहायला हवं की त्या चाळणीत कुणी काय टाकलं होतं.

चाळणीबद्दल आणखी एक पुरावा आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. सर्गेई प्रोकोफिएव्हनं युद्धाच्या धामधुमीत फ्लूट आणि पियानोसाठी सोनाटा लिहिली. डिसेंबर १९४३ मध्ये मॉस्कोत ती पहिल्यांदा वाजली, पियानोवर होता स्विआतोस्लाव रिख्तर. व्हायोलिनवादक दाविद ओइस्त्राखनं ती ऐकली आणि आपल्या वाद्यासाठी ती फिरवून द्यायचा आग्रह धरला. १९४४ मध्ये ओइस्त्राखनं ती व्हायोलिनवर वाजवली आणि त्या रूपात ती जगभर फिरली. पियानोचा भाग जवळजवळ तोच, सुरावट तीच. फ्लूटवाल्यांनी ती पुढे आपलीशी केली हे खरं, पण ओइस्त्राखच्या हातून न जाता ती मॉस्कोच्या त्या एका बैठकीतच राहिली असती, तर आज तिचंही नाव ‘दुर्मीळ रचनां’च्या यादीत दिसलं असतं. गुण तेवढेच, नशीब वेगळं.

मेल बोनिस यांच्या बाबतीत नशीब म्हणजे काय होतं हे तर उघडच आहे. मूळ नाव मेलानी. ‘मेल’ हे आखूड रूप त्यांनी घेतलं ते छापील नावावरून बाईमाणूस आहे हे कळू नये म्हणून. कॉन्झर्व्हेटॉरमध्ये त्या शिकल्या, सेझार फ्रांकचं मार्गदर्शन मिळालं. वर्गातल्या एका गायकावर जीव जडला, घरच्यांनी मोडता घातला आणि १८८३ मध्ये त्यांचं लग्न लावून दिलं ते पाच मुलांच्या, वयानं बऱ्याच मोठ्या विधुराशी. मधली बरीच वर्षं संसारात गेली. १९०४ मध्ये त्यांनी फ्लूट आणि पियानोची सोनाटा लिहिली आणि ती लुई फ्ल्यरी या ताफानेलच्या शिष्याला अर्पण केली. याच फ्ल्यरीनं १९१३ मध्ये देब्यूसीची एकट्या फ्लूटसाठीची ‘सिरिंक्स’ पहिल्यांदा वाजवली, जी आज फ्लूट शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असते. वादक एकच, शहर एकच, मध्ये अंतर नऊ वर्षांचं. एक रचना जगानं डोक्यावर घेतली, दुसरी विसरली.

ती विसरण्यासारखी आहे का, हे ऐकूनच ठरवावं. चार भाग, सगळी मिळून सतरा-अठरा मिनिटं. बोनिस स्वतः पियानो वाजवत, त्यामुळे इथे पियानो मागे बसून ठेका धरत नाही. तो बोलतो, अडवतो, कधी फ्लूटच्या हातातली ओळ काढून घेतो. दुसरा भाग लगबगीचा, येतो आणि बघता बघता संपतो. तिसऱ्या संथ भागातल्या लांब ओळींना अक्षरशः दम लागतो, आणि दोन वेगळ्या वादकांची ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की गंमत कळते: एकजण ओळीच्या मधेच श्वास घेऊन पुढचा स्वर अलगद उचलतो, दुसरा ती ओळ शेवटापर्यंत ताणतो आणि तिच्या टोकाशी स्वर किंचित थरथरतो. दोन्ही बरोबर. पण हे कळायला दोन ध्वनिमुद्रणं असावी लागतात. एखाद्या गायकाची एकच मैफल ऐकून आपण त्या रागाबद्दल मत बनवत नाही, मग एकदाच वाजलेल्या सोनाटाबद्दल का बनवावं?

युद्धानं जे गाडलं त्याची कथा आणखी वेगळी. प्रागमध्ये जन्मलेल्या एर्विन शुल्होफची १९२७ ची फ्लूट-सोनाटा चपळ, जॅझचं वारं लागलेली. १९४२ मध्ये तो व्युल्त्सबुर्गच्या छावणीत क्षयानं गेला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिओ स्मिटनं आपली फ्लूट आणि पियानोची सोनाटा फेब्रुवारी १९४३ मध्ये हातावेगळी केली आणि एप्रिलच्या अखेरीस सोबिबोरच्या छावणीत नाझींनी त्याचा जीव घेतला. पूर्ण झालेली ही त्याची शेवटची रचना. तिच्यामागे उभं राहायला रचनाकार उरला नाही. पुढे एलिओनोरे पामाइअर या फ्लूटवादक बाईंनी स्मिटच्या नावानं संस्था काढून त्याचं आणि त्याच्यासारख्या इतरांचं संगीत वाजवायला, मुद्रित करायला घेतलं. काळानं निवड केली असं या माणसांच्या बाबतीत म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. निवड काळानं केली नव्हती.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप प्रामाणिक आहे: आयुष्य थोडं, बाख-मोझार्टच पुरे ऐकून होत नाहीत, मग या आडवाटा कशाला? पण आपण बाख ऐकतो की बाखचं नाव, हेही एकदा तपासावं. फ्लूट आणि हार्पसिकॉर्डसाठीची ई-फ्लॅट मेजरमधली जी सोनाटा बाखच्या नावावर आहे आणि जिचा मधला ‘सिचिलियानो’ जगभर लाडका आहे, ती मुळात बाखची आहे का याबद्दलच अभ्यासकांना शंका आहे. उद्या ती दुसऱ्या कुणाची निघाली, तर त्या सुरावटीतला गोडवा रात्रीतून कमी होईल का? होणार नसेल, तर बोनिसची सोनाटा केवळ अनोळखी नावामुळे रांगेत मागे उभी करायचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप, की ध्वनिमुद्रण ही प्रत्यक्ष मैफलीची सर नसलेली नक्कल. एरवी मी यावर फार वाद घालणार नाही. पण या जोडीपुरतं तरी हे पुरतं खरं नाही. फ्लूटचं खालचं सप्तक मऊ आणि दबकं असतं. आजचा मोठा पियानो, त्यात झाकण पूर्ण उघडं, तो सभागृहात ते सहज गिळून टाकतो. वादक मग खालचे स्वर जोर लावून फुंकतो आणि त्यांचा मूळ रंग उडतो. मायक्रोफोन हाताशी असला की ही धडपड करावी लागत नाही. तोंडाशी फुटणारी हवा, कळांची बारीक टकटक, खालच्या स्वराची घोगरी ऊब, पियानोचा पेडल सुटल्यावर उरणारी आस, हे सगळं चांगल्या ध्वनिमुद्रणात जितकं जवळून मिळतं तितकं दहाव्या रांगेत बसून मिळणं कठीण. आणि ज्या रचना सभागृहात वाजतच नाहीत, त्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष मैफलीशी तुलना तरी कशी करायची?

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जुनं आणि विसरलेलं म्हणजे आपोआप थोर, असं नव्हे. एकोणिसाव्या शतकात घरोघरच्या हौशी वादकांसाठी फ्लूटचं संगीत घाऊक छापलं जाई, लोकप्रिय ऑपेरांच्या चाली घेऊन त्यांवर नक्षीकाम केलेल्या रचनांचा नुसता पूर होता. कोपनहेगनचा फ्रीडरिख कुलाऊ स्वतः फ्लूट वाजवत नव्हता, पण पोटासाठी त्यानं या बाजाराला ढीगभर पुरवलं. १८३१ मध्ये घराला आग लागून त्याची कितीतरी हस्तलिखितं जळाली, पुढच्या वर्षी तोही गेला. त्याचं जे उरलं त्यात भरीचं पुष्कळ आहे आणि मनापासून लिहिलेलंही आहे. समीक्षकानं हे दोन्ही वेगळं करून दाखवावं, ते त्याचं कामच आहे. पण वेगळं करायचं तर आधी ऐकावं लागेल. सुमार रचनेचं ध्वनिमुद्रण ऐकूनही एवढं कळतं की ती का सुमार आहे. न ऐकलेल्या रचनेबद्दल तेही कळत नाही.

या सगळ्याशी आपलं काय, असा प्रश्न मराठी वाचक विचारेलच. फ्लूट आणि पियानो हे आवाज आपल्याला परके नाहीत. गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांनी आणि वाद्यवृंद-संयोजकांनी ते चित्रपटसंगीतातून आपल्या कानांत केव्हाच रुजवले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ‘अनवट’ या शब्दाला मान देणारा श्रोता आपल्याकडे आहे. जयपूर-अत्रौलीच्या गायकानं क्वचित गाइला जाणारा राग मांडला की श्रोते पुढे सरकून बसतात, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या अशा रागांच्या ध्वनिमुद्रणांसाठी जीव टाकतात. ‘हा राग चांगला असता तर सगळ्यांनीच गायला असता,’ असं तिथे कुणी म्हणत नाही. तोच कान, तेच कुतूहल सीमेपलीकडच्या संगीताला द्यायला हरकत काय?

जुन्या तबकड्या जमवून मित्रमंडळींना ऐकवण्याची, त्यावर रात्र-रात्र बोलण्याची महाराष्ट्रातली हौस जुनी आहे. एखाद्या संगीत मंडळानं अशी एक संध्याकाळ या जोडीला द्यावी. मुंबई, पुणे, पणजीत पियानो आणि फ्लूट शिकणारी मुलं आहेत, त्यांना बोलवावं. मोबाइल अ‍ॅपवर रचनाकाराचं नाव टाकलं की आज बोनिसही सापडतात आणि स्मिटही. चांगले स्पीकर मात्र हवेत, कारण फोनच्या स्पीकरवर खालचं सप्तक नाहीसं होतं. आधी दिवे मालवून बोनिसची सोनाटा लावावी. मग दिवे लावून थोडं बोलावं, पुस्तकी नको, प्रत्येकानं काय ऐकलं तेवढंच. आणि मग तीच सोनाटा दुसऱ्या वादकांची लावावी: पहिल्यांदा सगळे फ्लूटच्या मागे गेलेले असणार, या वेळी पियानोच्या डाव्या हाताकडे कान ठेवावा.