मंत्री पेठेचा की देशाचा?

अंबरपेठेचे माजी आमदार श्री. किशन रेड्डी २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. अशा वेळी ‘आपला माणूस मंत्री झाला, आता आपली कामे होतील’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ती आम्हांस मान्य नाही. घटनेच्या ७५ व्या कलमान्वये मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. निर्णय पटला नाही, तरी मंत्र्याने तो आपला म्हणावा किंवा पद सोडावे. कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. मंत्रिमंडळात विचार न होताच निर्णय जाहीर झाला, ही त्यांची तक्रार होती. सहविश्वस्तांस न विचारता एकाने केलेला ठराव आपण देवळात तरी चालू देतो काय? मग मंत्र्याकडे गल्लीची कामे काय मागता? साऱ्या मंत्रिमंडळाच्या निर्णयांचा जाब मागा!