बंब आहे, पण त्यावर माणसे कुठे आहेत?

आग विझवणे आणि आगीच्या वेळी लोकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे हे महाराष्ट्रातील प्रत्येक नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४९ तसे सांगते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही ‘अग्निशमन सेवा’ हा विषय नागरी संस्थांकडेच दिलेला आहे. म्हणजे उद्यान, स्वागत कमान किंवा चौकातले कारंजे यांच्याआधी हे काम येते. जखमींना उचलणारी रुग्णवाहिका मात्र राज्याच्या आरोग्य खात्याकडे असते. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, अशा दोन यंत्रणा एकाच गावात वेगवेगळ्या दारांत उभ्या असतात आणि बहुतेक छोट्या शहरांत दोन्ही अपुऱ्या असतात. संकट मात्र असे विभागून येत नाही. गॅसचा भडका उडाला की आग आणि भाजलेला माणूस एकाच घरात असतात.

अग्निशमन केंद्राचा हिशेब गाड्यांपासून नव्हे, माणसांपासून सुरू व्हायला हवा. बंब जागेवर पोहोचला की चालक-यंत्रचालकाला पंपापासून हलता येत नाही. नळी धरायला दोघे लागतात, कारण दाबाखालची नळी एकट्याला आवरत नाही. धुरात शिरायचे तर तेही दोघांनीच. एकाला आत सोडणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे. आणखी एक जण सगळ्यावर नजर ठेवून हुकूम देणारा. अशी सहा माणसे एका पाळीला एका बंबावर हवीत. तीन पाळ्यांचे अठरा झाले. आठवड्याची सुट्टी धरली की एकवीस, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की चोवीस. हा फक्त एका बंबाचा हिशेब आहे.

प्रत्यक्षात अनेक नगरपरिषदांत पाळीवर एक चालक आणि एक-दोन माणसे असतात. त्यातला एखादा ठेकेदाराकडून आलेला, एखादा दुसऱ्या विभागातून तात्पुरता बसवलेला. मंजूर आकृतिबंधातली पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. गाडी मात्र वाजतगाजत घेतली जाते, कारण गाडीला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, फोटो छापून येतो. अग्निशामकाच्या पगाराचा फोटो निघत नाही आणि तो पगार दर महिन्याला द्यावा लागतो. छोट्या शहरांतली ही सेवा कुठे अडली आहे ते याच ठिकाणी दिसते.

प्रशिक्षणाची सोय राज्यात नाही असेही नाही. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे आणि अग्निशामकाचा राज्याचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. तो न केलेल्या माणसाला नळी कशी जोडायची एवढे आठवडाभरात शिकवता येते. पण कोणती भिंत कोसळायला आली आहे, बंद खोलीचे दार उघडताच भडका बाहेर येईल की नाही, छतावर भोक पाडावे की पाडू नये, हे आठवड्यात येत नाही. रोजंदारीवरच्या तरुणाला गमबूट आणि शिट्टी देऊन आगीसमोर उभे करणारी नगरपरिषद त्याच्या जिवाशी खेळते.

यानंतर येते पाणी. साध्या बंबाच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. एका नळीतून मिनिटाला सुमारे ४५० लिटर सोडले तर दहा मिनिटांत टाकी रिकामी होते. दोन नळ्या लावल्या तर पाच मिनिटांत. मग बंब पाणी भरायला जातो, आणि त्याच वेळी विझत आलेली आग पुन्हा डोके वर काढते. जमलेला जमाव चिडतो. ‘बंब रिकामाच आला’ अशी ओरड होते, शिवीगाळ होते, कधी दगडही पडतात. बंब रिकामा आलेला नसतो. त्याच्यामागे पाणी घेऊन येणारे दुसरे वाहन नसते आणि रस्त्यावर चालू स्थितीतला हायड्रंट नसतो. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, तिथे नळाच्या जाळ्यावर विसंबून चालणार नाही. प्रत्येक जलकुंभाखाली बंबाला जोडता येईल असे मोठ्या व्यासाचे तोंड, वीज गेली तरी पाणी उपसणारे जनित्र, आणि बाजारपेठेतल्या जुन्या विहिरी व हौद यांची बंबचालकाला पाठ असलेली यादी, एवढे तरी हवेच. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पाणीपुरवठा विभाग आणि अग्निशमन विभाग यांनी एकदा एकत्र बसून गावात फेरी मारली तरी निम्मे काम होते.

छोट्या शहरातल्या आगी मोठ्या शहरातल्यांपेक्षा सोप्या असतात, हा समज चुकीचा आहे. विदर्भातल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गंजीला लागलेली आग घ्या. वरून पाणी मारले की ज्वाळा बसतात, पण दाबलेल्या कापसाच्या पोटात ती धुमसत राहते. गाठी फोडाव्या लागतात, कापूस पसरून भिजवावा लागतो, आणि हे काम रात्रभर, कधी दोन-दोन दिवस चालते. तितका वेळ गावातला एकमेव बंब तिथेच अडकतो. दुसरी वर्दी आली तर जायला कोणी नाही. घरगुती गॅसची गळती आणखी वेगळी. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, गटारात आणि तळघरात साचतो. आगीत तापलेला सिलिंडर फुटू नये म्हणून तो दुरून पाण्याने थंड करत राहावा लागतो. तेलाच्या आगीवर पाणी मारले तर ती पसरते. तिथे फेस लागतो. ही माहिती आणि ही साधने ज्याच्याकडे नाहीत, तो धाडसी असूनही काही करू शकत नाही.

सगळ्यांत जीवघेणी उणीव श्वसन उपकरणांची आहे. आगीतली बरीच माणसे भाजण्याआधी धुराने गुदमरतात. आत जाऊन त्यांना बाहेर काढायचे तर पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लागतो. कष्टाचे काम करताना एका सिलिंडरमधली हवा अर्धा ते पाऊण तास पुरते. नंतर तो भरायचा तर कॉम्प्रेसर हवा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर तालुक्याच्या गावातले उपकरण पहिल्या वापरानंतर कपाटातच राहते. आणि हे उपकरण फक्त आगीसाठी लागत नाही. जुन्या विहिरीत किंवा शौचालयाच्या टाकीत उतरलेला माणूस विषारी वायूने बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली तीन-तीन माणसे अशी जातात. पहिला पडला त्याच क्षणी दोन प्रशिक्षित अग्निशामक मुखवटे लावून पोहोचले, तर पुढचे मृत्यू टळतात.

अग्निशमन दलाच्या वर्द्यांत आग हा केवळ एक भाग असतो. पुरात अडकलेले लोक, वादळात रस्त्यावर आडवी झालेली झाडे, अपघातात चेपलेल्या गाडीत अडकलेला चालक, कोसळलेली इमारत, हे सगळे याच माणसांकडे येते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पुण्याकडून घाट उतरून येईपर्यंत ढिगाऱ्यावर स्थानिक माणसेच होती. कितीही तत्पर दल असले तरी ते बाहेरून येणार, त्याला वाटेत वेळ लागणार. पहिले काही तास गावाचेच असतात. त्या तासांत हायड्रॉलिक कटर, जॅक, दोर आणि ते चालवणारे हात गावात असले तरच त्यांचा उपयोग होतो.

आता रुग्णवाहिकेकडे. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली १०८, २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी: २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे मोठे वैशिष्ट्य, आणि तिने असंख्य बाळंतिणी, अपघातग्रस्त आणि सर्पदंशाचे रुग्ण वाचवले आहेत हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. या संख्येत भागले तर सुमारे १ लाख २० हजार लोकांमागे एक गाडी येते, आणि प्रत्येक गाडीच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटरचा मुलूख येतो. त्यातून ग्रामीण रुग्णालयाने एखादा रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवला की गाडी त्याला घेऊन जाते आणि परत येईपर्यंत काही तास तालुका रुग्णवाहिकेविना असतो. त्या तासांत हृदय बंद पडलेला माणूस कोणाची वाट पाहणार? हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छातीवर दाब देण्यास उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. इतक्या वेळात शेजारच्या तालुक्यातली गाडी येऊ शकत नाही.

अग्निशमन केंद्र मात्र गावातच असते आणि तिथे चोवीस तास कोणी ना कोणी जागे असते. म्हणून दोन्ही सेवा एका छपराखाली आणणे हा छोट्या शहरासाठी सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. प्रत्येक अग्निशामकाला मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबणे, रक्तस्राव थांबवणे, मान न हलवता जखमीला फळीवर घेणे, भाजलेल्या भागावर वाहते पाणी धरणे आलेच पाहिजे. केंद्रात नगरपरिषदेची एक रुग्णवाहिका हवी, आणि १०८ च्या नियंत्रण कक्षाशी तिचा थेट संपर्क हवा. १०८ ची गाडी दूर असेल तर केंद्रातली माणसे आधी निघतील, रुग्णाला सांभाळतील आणि डॉक्टर असलेली गाडी वाटेत भेटली की तिच्या हवाली करतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. मुख्याधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यात लेखी समझोता पुरेसा आहे. बघ्यांतला कोणी मदतीला पुढे आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने त्याला संरक्षण दिले आहे. रुग्णवाहिका किंवा बंबाला वाट न देणाऱ्याला कलम १९४ ई नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि मांडवांच्या दिवसांत या कलमाची आठवण कोणालाच नसते.

आग लागूच नये म्हणून करायचे काम याहून दुर्लक्षित आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. किती मंगल कार्यालये, खासगी रुग्णालये, शिकवणीवर्ग आणि कापडाची दुकाने ते देतात, हे तपासायला जी माणसे हवीत ती पदेच रिक्त आहेत. सरकारी इमारतीही याला अपवाद नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली आणि १० बालके गेली. सात वाचवता आली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. दहा महिन्यांत, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण मरण पावले. तपासणीचा कागद आग अडवत नाही. त्या कागदात लिहिलेली दुरुस्ती, नवी वायरिंग, धुराची सूचना देणारी यंत्रणा आणि मोकळा जिना अडवतो.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. ते पुरते खरे नाही. अनेक ठिकाणी घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराची वेगळी ओळ असते, आणि नव्या बांधकामांकडून अग्निसुरक्षा शुल्क घेतले जाते. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातून केंद्रे, गाड्या, साधने येऊ शकतात. पगार नगरपरिषदेलाच उभा करावा लागेल. म्हणून या कराचा आणि शुल्काचा जमाखर्च वेगळा ठेवून तो नागरिकांपुढे मांडला गेला पाहिजे. या नावाखाली गोळा झालेला रुपया रस्त्याच्या डांबरात जाता कामा नये.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या दिवशी गावोगावी बंब धुऊन उभे केले जातात आणि भाषणे होतात. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पाची विशेष सभा त्याच्या आधी, फेब्रुवारीत होते, आणि निर्णय तिथे होतो. त्या सभेत प्रत्येक नागरिकाने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकामार्फत मागायच्या गोष्टी अशा: अग्निशमन विभागाची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे यांची जाहीर यादी, रिक्त पदे त्याच आर्थिक वर्षात भरण्याचा ठराव, ठेकेदाराच्या माणसालाही सहा महिन्यांचे प्रशिक्षण, विमा आणि अंगावरचे अग्निरोधक कपडे, प्रत्येक जलकुंभाखाली बंब भरण्याची सोय, श्वसन उपकरणे आणि ती भरणारा कॉम्प्रेसर केंद्रातच, केंद्रात एक रुग्णवाहिका, आणि वर्षभरातल्या प्रत्येक वर्दीची वेळ, बंब बाहेर पडल्याची वेळ आणि जागेवर पोहोचल्याची वेळ दाखवणारा अहवाल, नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लावलेला.