गोळी कोणती, हा शेवटचा प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये अकरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १ तारखेच्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून पडले आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. १२ तारखेला, दसऱ्याच्या रात्री, माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची वांद्रे पूर्वेला गोळ्या झाडून हत्या झाली. पहिल्या घटनेत शस्त्र होते, पण शत्रू नव्हता. दुसरीत शत्रू होता, पोलिस संरक्षणही होते आणि तरीही जीव वाचला नाही. या दोन्ही घटना शेजारी ठेवल्या तर शहाण्या माणसाने शस्त्राच्या सामर्थ्याविषयी थोडी शंका घ्यायला हवी. प्रत्यक्षात ऐपतदार वर्गाने काढलेला निष्कर्ष उलटाच आहे : दिवस वाईट आहेत, आपल्याकडेही एक असलेले बरे.

नवी मुंबईत हे वाक्य अधिक ऐकू येते, याला कारणे आहेत. सराफांच्या पेढ्या, बाजार समितीतील रोकड, बांधकामाचा पैसा आणि जमिनीचे गुंतागुंतीचे व्यवहार हे सारे एकाच शहरात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये वाशीत एका बांधकाम व्यावसायिकाची हत्या झाली, तिची दहशत त्या धंद्यातील लोक अजून विसरलेले नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. पनवेल, उलवे भागात जमिनीचा भाव वाढतो तसा हेव्याचा आणि भीतीचाही वाढतो. मग कोणीतरी म्हणतो, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, कमरेला दिसत नाही. त्याच्या पाठोपाठ जाणकारीच्या थाटात प्रश्न येतो : पण त्यात गोळी कोणती घालायची?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. कारण ते उत्तरच आपल्याला पुढच्या, अधिक अवघड प्रश्नांपर्यंत घेऊन जाते.

आखूड नळीचे गणित

काडतुसातील दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. नळी जितकी लांब तितका वेळ हा रेटा मिळतो. नळी दोन-तीन इंचांची असली की गोळी लवकर बाहेर पडते, उरलेली दारू नळीच्या तोंडाशी भडका होऊन वाया जाते. वेग कमी, उजेड जास्त, आवाज जास्त. शिवाय शस्त्र हलके असल्यामुळे मुठीला बसणारा धक्का मोठा. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर कमी, त्यामुळे नेमातली केसभर चूक दहा पावलांवर वीतभर होते. थोडक्यात, जे शस्त्र बाळगायला सर्वांत सोपे तेच चालवायला सर्वांत अवघड.

गोळीच्या टोकाचा प्रश्न यानंतर येतो. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते, अधिक इजा करते आणि सहसा आरपार जात नाही. या कल्पनेचे एक मूळ आपल्याच देशात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात फुलणारी गोळी तयार झाली. सरहद्दीवरच्या लढायांत साधी गोळी माणसाला थांबवीत नाही, अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेने अशी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. मात्र अमेरिकेतील पोलिसांनी पुढे हीच गोळी स्वीकारली. त्यांचा युक्तिवाद असा की, गर्दीच्या शहरात गोळी गुन्हेगाराच्या अंगात थांबावी, मागच्या निरपराध माणसाच्या अंगात शिरू नये.

परंतु फुलण्यासाठी गोळीला वेग लागतो आणि आखूड नळी नेमका तोच हिरावून घेते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी चकमकीत मारले गेले. एका गुन्हेगाराच्या अंगात शिरलेली फुलणारी गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती आणि तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. त्यातून कसोटी ठरली ती अशी, की गोळी किमान बारा इंच खोल जावी, अठरापेक्षा जास्त जाऊ नये. म्हणून लहान रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या तिकडच्या कित्येक अनुभवी माणसांनी शेवटी साधी, सपाट तोंडाची, सौम्य धक्क्याची गोळी पसंत केली. कारण एकच, ती नेमावर लागते. पहिली गोळी झाडल्यावर हात पुन्हा जागेवर येतो. ‘सर्वांत जबर गोळी कोणती’ या प्रश्नाचे जाणकारांचे उत्तर ‘तुमच्या हाताला पेलेल ती’ असे आहे.

खडकीची एकच गोळी

आता आपल्याकडे येऊ. येथे निवडीचा हा खटाटोप बहुधा करावाच लागत नाही. ९ मिलिमीटरसारखे लष्करी-पोलिसी बोर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परदेशी शस्त्रांची खासगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद. उरतो तो प्रामुख्याने पॉइंट ३२ बोर. त्याचे काडतूस बहुतेकांच्या हाती येते ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. बँकांच्या दारावर उभ्या असलेल्या रखवालदारांच्या दुनळी बंदुकीत वर्षानुवर्षे असणारी ‘शक्तिमान’ काडतुसेही तिथलीच.

पॉइंट ३२ चे हे काडतूस मूळ १८९६ चे, अमेरिकन. गोळी शिशाची, गोल टोकाची, वजन सहा ग्रॅमच्या जरा वर, वेग सेकंदाला सुमारे सातशे फूट. तिची ताकद ९ मिलिमीटरच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरते. ती फुलत नाही. सरळ पुढे जाते. मात्र ती अचूक आहे. सपाट तोंडाच्या पॉइंट ३२ गोळ्यांनी जगभरचे नेमबाज पंचवीस मीटरच्या स्पर्धा खेळतात. त्याच सेंटर फायर प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. पण त्यामागे लांब नळीचे पिस्तूल होते आणि वर्षांची तालीम होती.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात, बोर तोच पॉइंट ३२. स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल अशी त्याची जाहिरात झाली. ज्या स्त्रीला रात्रीच्या बसची भीती वाटते तिच्याकडे सव्वा लाख रुपये आणि परवान्यासाठी खेटे घालण्याइतकी सवड असेल, हे गृहीतक कोणी तपासले होते, देव जाणे.

म्हणजे गोळी सरकारने निवडून ठेवली आहे. तक्रार करणारे म्हणतात, ही गोळी दुबळी आहे. असेल. पण वर सांगितलेला सारा हिशेब लक्षात घेतला तर दिसेल की, हलक्या शस्त्रातून, घाबरलेल्या हाताने, अंधारात झाडायची असेल तर सौम्य गोळीच बरी. कमतरता असेल तर ती हाताच्या तालमीची आहे. परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित. ती सरावात खर्च करायला जीव होत नाही. मग सोन्याच्या नाण्यांसारखी ती कपाटात जपली जातात. कोकणपट्टीच्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर चढतो, दारू दमट होण्याचा संभव असतो आणि मालक निर्धास्त असतो. सुदैवाने रिव्हॉल्व्हरचे एक काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढताच पुढचे समोर येते. पण सहाही एकाच वेळी घेतलेली आणि एकाच कपाटात पंधरा वर्षे पडलेली असतील, तर पुढचे तरी कशावरून बरे?

दोन किल्ल्या

ज्यांनी बँकेत नोकरी केली त्यांना एक नियम हाडीमासी खिळलेला असतो. तिजोरीला दोन कुलपे आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकाच्या प्रामाणिकपणावर संशय म्हणून हा नियम नाही. माणूस कधीतरी रागावतो, खचतो, मोहात पडतो, हे गृहीत धरून तो केलेला आहे. घरातल्या शस्त्राला मात्र किल्ली एकच असते, आणि तीही पुष्कळदा कपाटालाच लटकत असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच आठवड्यात याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यातच गोळीबार झाला आणि कल्याण पूर्वेच्या तत्कालीन आमदारांना अटक झाली. ८ तारखेला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरील थेट प्रक्षेपणादरम्यान हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे तपासात पुढे आले. त्याने नंतर स्वतःलाही संपवले. दुसऱ्या प्रकरणात शस्त्र कायदेशीर होते आणि ते एकाच्या नावाचे असून दुसऱ्याच्या हाती गेले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे चर्चेत आले आणि प्रशासनाने त्यातले अनेक रद्द केले. त्यांतल्या किती परवान्यांना खरी भीती कारण होती आणि किती परवाने नुसत्या रुबाबासाठी होते, हा हिशेब परवाना देतानाच व्हायला हवा होता.

शस्त्र घरात आल्याने घर सुरक्षित होते का, याचा अभ्यास अमेरिकेत झाला. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीनुसार बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट आढळली आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचाच होता. त्यावर तिकडे पुष्कळ वाद झाले. पण आपली घरे आठवा. दोन खोल्यांची सदनिका, चार इंची भिंत, पोकळ फ्लश डोअर आणि पलीकडे अभ्यास करीत बसलेला शेजाऱ्यांचा मुलगा. नेम चुकलेली गोळी कोणाकडे जाईल?

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, तो कोणी काढून घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आहे. प्राणावर बेतले, बलात्काराचा किंवा अपहरणाचा प्रसंग आला, तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी कायदा पाठीशी राहतो. पण त्याच कायद्याची अट आहे की, इजा गरजेपेक्षा अधिक नको. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी खडकीची होती की परदेशी, हे न्यायालय विचारणार नाही. ती घालण्याची वेळ खरोखर आली होती का, हे विचारील.

म्हणून सरकारने आणि अर्जदाराने दोघांनीही काही गोष्टी केल्या पाहिजेत. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले, हे योग्य झाले. पण ते एक कागद म्हणून फायलीत लागता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली. त्या पाच वर्षांत या हाताने मैदानावर किती गोळ्या झाडल्या, जुनी काडतुसे बदलली का, शस्त्र कुलपात असते का आणि किल्ली कोणाकडे, हे नूतनीकरणाच्या वेळी पाहावे. सरावासाठी वेगळी, स्वस्त काडतुसे मैदानावरच देऊन तिथेच संपवण्याची सोय व्हावी. ज्याला हे सारे जाचक वाटेल, त्याला शस्त्र नको आहे. त्याला त्याचा रुबाब हवा आहे.

आणि अर्जदाराने अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारावे : मी नक्की कोणाला भितो? तो मला किती अंतरावर, किती सेकंद देऊन भेटेल? माझ्या मागे, पुढे, भिंतीपलीकडे कोण असेल? मी रागावलो, प्यायलो किंवा खचलो तर किल्ली कोणाच्या हाती आहे? बहुतेकांना या उत्तरांतून पक्के दार, चांगला दिवा, जागरूक शेजारी आणि वेळेवर फोन उचलणारे पोलिस ठाणे एवढेच हवे असल्याचे कळेल. ज्या थोड्यांना यानंतरही शस्त्राची गरज उरेल, त्यांनी ते जरूर घ्यावे, शिकून घ्यावे. तोवर गोळी कोणती, हा प्रश्न त्यांच्यापुरता आपोआप सुटलेला असेल.