शब्द अडला तर

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत बाराखडीप्रमाणे एबीसीडी गिरविली, त्यांनाच ते शिकविणे भाग पडले. बुलढाणा जिल्ह्यातील गुरुजीही त्यांत आले. व्याकरण त्यांना येते. पण बोलताना शब्द अडला की ते मराठीकडे वळतात अथवा थांबतात, आणि मुलेही तेवढेच शिकतात.

अशा वेळी वाट काढण्याच्या रीतींना ‘संवाद-युक्त्या’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली त्यांची चर्चा केली. खामगावच्या शिक्षकास ‘सरकी’चा इंग्रजी शब्द आठवला नाही, तर त्याने ‘द सीड इनसाइड कॉटन’ म्हणावे. मागितलेला माल नसला म्हणून दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवीत नाही. त्याच जातीचा दुसरा दाखवितो. न समजल्यास इंग्रजीतच पुन्हा विचारणे, ही दुसरी युक्ती. व्यापाऱ्यास यात नवे काहीच वाटणार नाही!

हे व्याख्यानाने साधत नाही. शासनाच्या ‘तेजस’ उपक्रमात टाटा ट्रस्ट्स व ब्रिटिश काउन्सिल यांच्या सहकार्याने शिक्षकांचे लहान गट जमत आणि आपसात चर्चा करीत. प्रशिक्षणाची ही पद्धत अधिक योग्य. तेथे बोलण्याची पाळी प्रत्येकावर येते.