तापीकाठची अणुभट्टी आणि तिचे सारथी

भुसावळ, प्रकाशा असा प्रवास करीत तापी गुजरातेत उतरते आणि उकाईच्या खाली काक्रापारच्या अणुवीज केंद्राला पाणी पुरविते. भुसावळजवळच्या दीपनगरचे कोळशावरील संचही याच सूर्यकन्येच्या पाण्यावर चालतात. त्यामुळे काक्रापारच्या नियंत्रण कक्षात बसणारा माणूस किती सिद्ध आहे, हा प्रश्न जळगाव-धुळेकरांना परका नाही.

११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या अणुभट्टीत शीतक वाहिनीला गळती लागली. भट्टी आपोआप बंद झाली. परंतु बंद झालेली अणुभट्टी म्हणजे विझलेली चूल नव्हे. विखंडन थांबल्याच्या क्षणीही सहा-सात टक्के उष्णता उरते आणि ती दिवसेंदिवस बाहेर काढावी लागते. हे काम तेथील कर्मचाऱ्यांनी चोख पार पाडले. (अणुविरोधाचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींनी या कर्तव्यदक्षतेची दखल घेतल्याचे स्मरत नाही.)

अशी माणसे सिम्युलेटरवर घडतात. खऱ्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती उभारून तिच्यामागे संगणक अणुभट्टीची भूमिका वठवितो. दहा सेकंदांत घडणारी घटना दहाच सेकंदांत पडद्यावर उमटली पाहिजे. संगणक मागे पडला की प्रशिक्षणच खोटे पडते. प्रशिक्षक पूर्वसूचना न देता पंप बंद पाडतो, वाहिनी फोडतो, वीज घालवितो. चुकण्याची मुभा येथेच असते.

या विद्येची उपेक्षा केली तर काय होते, ते अमेरिकेने २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे अनुभवले. एक झडप उघडी अडकली होती आणि फलकावरील दिवा मात्र ती मिटल्याचे भासवीत होता. पाणी अधिक झाले असे समजून चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा प्रवाहच कमी केला आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. केमेनी आयोगाने प्रशिक्षणातील उणिवांवर स्पष्ट बोट ठेवले.

१९७४च्या पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला, तरी आपले शास्त्रज्ञ थांबले नाहीत. खानदेशाच्या सीमेपलीकडील बडवानीत जन्मलेले डॉ. अनिल काकोडकर त्याच पिढीचे. आज काक्रापारला ७०० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या उभ्या आहेत. जलद प्रजनक अणुभट्टीचा सिम्युलेटर कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्वतः घडविला.

केंद्र सरकारने २०४७पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचे लक्ष्य घोषित केले आहे. २०२५मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा क्षमता नऊ हजारांच्या आत होती. संकल्प स्वागतार्हच आहे. पोलाद आणि सिमेंट पैशाने मिळेल. अनुभवी चालक वर्षानुवर्षांच्या सरावानेच तयार होतो. तेव्हा पायाभरणीबरोबरच प्रत्येक केंद्राच्या सिम्युलेटरचीही तरतूद झाली पाहिजे. भट्टी परदेशी असेल, तर तिच्या सिम्युलेटरची मूळ आज्ञावली भारताच्या हाती देण्याची अट करारातच हवी. कुडनकुलमच्या प्रशासकीय संगणकात २०१९मध्ये घुसखोरी झाली होती, हे विसरून चालणार नाही. आणि या आज्ञावली लिहिणारे तरुण केवळ मुंबई-पुण्यातूनच का यावेत? जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने अणुऊर्जा विभागाशी या विषयावर बोलणी सुरू करावीत.